चार नंबर खाणीची चित्रं

१९ ऑक्टोबर २०२०, ड्रोहेडा

बाबा पहिल्यांदा खाणीत उतरले तेव्हा ते किती वर्षांचे होते? ओर्लाने आज विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. वडिलांवर पुस्तक करायला निघालेल्या मुलीला एवढंही माहीत नसावं? मी कॅमेरा बंद केला आणि नेट गेलं असं खोटं सांगितलं.

ओर्लाची प्रकाशनसंस्था म्हणजे डब्लिनमध्ये एका दुकानावरच्या दोन खोल्या. माझ्या इथल्या चित्रकलेच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या प्रदर्शनात तिने माझी बारा चित्रं पाहिली आणि म्हणाली, याचं पुस्तक करू. साठ पानं, चित्रं माझी, मजकूर माझा. चंद्रपूरकडच्या सागवनात चार नंबरची खाण उघडली तेव्हाची गोष्ट. रस्ता नव्हता, दिवे नव्हते. पत्र्याच्या शेडमध्ये पाच भाषांची माणसं राहायची आणि कोळशाच्या ढिगावर सकाळी वाघाचे पंजे दिसायचे. बाबा त्या पहिल्या माणसांतले. ओर्ला त्यांना 'युअर मॅन' म्हणते, इकडच्या बोलीत 'तो गडी'. "आणि युअर मॅन, तो खाली गेला तेव्हा केवढा होता?"

कागदावर बाबांचा जन्म छप्पन सालचा आहे आणि ते चौऱ्याऐंशीत लागले, म्हणजे अठ्ठावीस. पण आई त्यांच्याच गावची. ती नेहमी सांगते की तेव्हा त्यांना धड मिसरूडही फुटलं नव्हतं, एकोणीस असतील. संध्याकाळी बाबांना फोन केला.

"कोण मोजत होतं वं? भूक लागली, उतरलो."

"बाबा, पुस्तकात लिहायचंय."

 "तुह्या माईशी बोल," म्हणाले आणि फोन आईकडे दिला. आई म्हणाली, वांगी स्वस्त झाली.

२६ ऑक्टोबर

परत सगळं बंद. पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही. मला कुठे जायचंय म्हणा. मी जिच्या घरी राहते ती रोहिणीताई इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, तिचा नवरा आशिषदादा डब्लिनच्या कंपनीचं काम माळ्यावर बसून करतो. त्यांच्या मुलीला, सानिकाला, शाळेतून आणायचं, तिचा अभ्यास घ्यायचा आणि बदल्यात मागची खोली माझी. खिडकीतून रेल्वेचा उंच पूल दिसतो.

आज छताची चार पानं झाली. बाबांचं काम छताला लाकडाचे टेकू देण्याचं. पाळी सुरू होण्याआधी लांब काठीने छत ठोकत जायचं. खणखणीत वाजलं तर बरं, भद्द वाजलं तर माणसं मागे घ्यायची. याबद्दल विचारलं की बाबा तासभर बोलतात. आज त्यांनी फोनवर घरातली लोखंडी पेटी आणि मग कणगी ठोकून मला दोन्ही आवाज ऐकवले. आई मागून म्हणत होती, "घर पाडता काय आता?"

बायकांना खाली उतरायची बंदी होती, त्यामुळे मी ती जागा पाहिलेलीच नाही. हे सगळं मी बाबांच्या आवाजावरून काढते.

"चित्रात टोपी काढ, दिवा काढ," ते म्हणाले. "तोंड कायले काढतं? आतमधी कोणाचं तोंड दिसत नाई."

मी तोंड काढलं आहे. त्यांचं तोंड लोकांनी पाहावं म्हणूनच तर हे पुस्तक.

१४ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

रोहिणीताईने चकल्या केल्या, त्या मऊ पडल्या. आशिषदादा म्हणाला, "यांना चकली म्हणणं हा चकलीवर अन्याय आहे." तिने त्याला झारा दाखवला. मग सगळ्यांनी मिळून आमच्या घरी व्हिडिओ कॉल केला.

काका गावाहून आले होते. ते बाबांना सारखे "गुरू, इकडे पाह्य, गुरू, असा बस" करत होते. गावात सगळे बाबांना गुरुनाथच म्हणतात, ते त्यांचं पाळण्यातलं नाव. फोन ठेवल्यावर रोहिणीताईने विचारलं, "काका सख्खे ना? मग त्यांचं आडनाव झाडे आणि तुमचं पिदूरकर कसं?"

"ते दत्तक गेले होते."

"आणि बाबा चौसष्ट वर्षांचे?"

"हो. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले."

"वाटत नाहीत गं. मी रोज चौसष्टचे पेशंट बघते."

सानिका स्क्रीनवरचा बाबांचा फोटो बघून म्हणाली, "ही लुक्स ग्रँड," म्हणजे इकडच्या भाषेत ठणठणीत. मला फार बरं वाटलं. खाणीत बत्तीस वर्षं काढूनही माणूस असा राहतो, हेही पुस्तकात यायला हवं.

७ जानेवारी २०२१

रोहिणीताई घरी येते, मागच्या दारात कपडे काढते, आंघोळ करते आणि जिन्यावर बसून राहते. काल दोन तास बसली होती. सानिकाला मी तिकडे जाऊ दिलं नाही. आज सकाळी रोहिणीताई एवढंच म्हणाली, "प्रेसमधला चहा संपलाय, कुणीतरी आणा." इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आता आम्हीही म्हणतो. मी आणला.

अशा दिवसांत मी बत्तीघर रंगवते आहे. याचा कुणाला काय उपयोग? पण हात थांबला तर डोकं नको तिकडे जातं.

बत्तीघराचं पान पुस्तकातलं सगळ्यात चांगलं पान झालं आहे. जाताना माणूस पितळी टोकन देतो आणि दिवा घेतो. परत आल्यावर दिवा ठेवतो आणि टोकन घेतो. पाळी संपल्यावर खिळ्यावर टोकन लटकत राहिलं तर एक माणूस अजून खाली आहे. मी सगळी टोकनं काढली, त्यांत बाबांचं दोनशे एकेचाळीस. शेजारच्या फळ्यावर नाव, मोरेश्वर पिदूरकर. खिडकीसमोर एकोणीस वर्षांचा मुलगा. वय मी आईचंच धरलं, कारण तसं काढलं की चित्र खरं वाटतं.

बाबांना फोटो पाठवला.

१० जानेवारी

बाबांशी भांडले. लिहायचं नव्हतं, पण इथे नाही तर कुठे लिहू.

ते म्हणाले, "पमे, फळ्यावरचं नाव पूस. नंबरबी पूस."

"का? तुमचाच नंबर आहे ना?"

"पूस म्हटलं न."

"बाबा, घरात पहिली पदवी माझी. ती तुमच्या हातांनी मिळाली. मी सगळीकडे अभिमानाने सांगते आणि तुम्हाला तुमच्याच कामाची लाज वाटते?"

 ते अगदी हळू म्हणाले, "हाव. वाटते."

मला रडू आलं. ज्या माणसासाठी आपण एवढं करतो त्याला स्वतःचीच किंमत नाही. हे गरिबीने केलेलं सगळ्यात मोठं नुकसान आहे. माणसाचा स्वतःच्या आयुष्यावरचा हक्कच काढून घ्यायचा. मी नाव पुसणार नाही.

१२ फेब्रुवारी

ओर्लाला पुस्तकाच्या शेवटी एक खरा कागद हवा आहे. बाबांचा नोकरीचा पहिला कागद आणि त्यावर चिकटवलेला फोटो. बाबांकडे मागितला तर म्हणाले, वाळवीने खाल्ला. मग मला सुचलं की तो कंपनीच्या कार्यालयात असणारच. माहितीचा अधिकार कशासाठी आहे? बी.ए.ला शेवटच्या वर्षी मी त्यावर निबंध लिहिला होता.

आज ऑनलाइन अर्ज केला. मोरेश्वर पिदूरकर, टोकन क्रमांक २४१, नेमणुकीची मूळ कागदपत्रं आणि जन्मतारखेचा पुरावा. वयाचा घोळही मिटेल. बाबांना सांगितलं नाही. छापलेल्या पुस्तकात आपला तरुणपणीचा फोटो पाहतील तेव्हा लाज राहणार नाही.

कित्येक आठवड्यांनी आज काहीतरी केल्यासारखं वाटलं.

२१ मार्च

बाबा लस घेत नाहीत. साठच्या वरच्यांना मिळते आहे, कॉलनीतले सगळे जाऊन आले. आई म्हणते, "आधार कार्ड दाखवा लागते म्हणून जाऊन नाई राह्यले. म्हणते, आता कोठी कागद दाखवाचा नाई." मी चिडले. रोहिणीताईला फोनवर घेतलं, तिने त्यांना डॉक्टरच्या आवाजात समजावलं. ते "हाव जी, हाव जी" करत राहिले आणि गेले नाहीत. शिकलेल्या मुलीच्या बापाने असलं अंधश्रद्धेचं वागणं.

शिवाय आठवड्यातून दोनदा बसने कंपनीच्या कार्यालयात जातात. काय काम, विचारलं तर, "असंच. रविंद्रबाबूले भेटाचं असते." रविंद्रकाका आमच्या शेजारचे. पूर्वी खाणीच्या हजेरीच्या खिडकीत असायचे, आता तेही निवृत्त आहेत. ते तर रोज ओट्यावरच भेटतात.

९ एप्रिल

बाबांनी स्वतःहून फोन केला. ते कधीच करत नाहीत.

"पमे, तू शिकलेली हाय म्हणून विचारतो. सरकारात टाकलेला अर्ज वापस घेता येते काय?"

"कुणाचा अर्ज?"

"हाय एका माणसाचा."

मी सांगितलं की येतो, ज्याने टाकला त्याने लिहून द्यायचं. पण परत का घ्यायचा? लोक घाबरतात म्हणून तर कार्यालयं माजतात. त्या माणसाला म्हणावं, माघार घेऊ नको, कायदा तुझ्या बाजूने आहे.

"बरं," बाबा म्हणाले. "तू जेवली?"

"जेवले."

"तिकडे थंडी हाय म्हणे. चार नंबरात ये, आत गरम असते."

आवाज बसल्यासारखा वाटला. म्हणाले, कार्यालयाच्या व्हरांड्यात दिवसभर उभं राहावं लागलं, धुळीचं झालं.

१५ एप्रिल

बाबांना ताप. आईलाही, पण थोडा.

१८ एप्रिल

चंद्रपुरात कुठेच खाट नाही. रविंद्रकाकांनी गाडी केली, तीन ठिकाणी फिरवलं. रोहिणीताईने रिपोर्ट बघितला आणि विचारलं, "छातीचे जुने फोटो आहेत का?" बत्तीस वर्षं कोळशाची धूळ खाल्लेली छाती.  तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. इतके महिने ती कुणाला हात लावत नाही, सवय राहिली नाही.

२२ एप्रिल

बाबा गेले. पहाटे, गाडीतच, ऑक्सिजनच्या रांगेत.

२३ एप्रिल

आई म्हणते येऊ नको. येऊन कुणाला भेटणार, सगळ्या दारांना कड्या आहेत. रविंद्रकाकांनी लांबून व्हिडिओ दाखवला. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी. मी टोपी काढली, दिवा काढला, तोंड काढलं. आणि आता तोंड दिसलं नाही.

६ मे

आज आईने सांगितलं. परवा तेरवी झाली. घरात चौघंच होते, काका, रविंद्रकाका, गुरुजी आणि ती. फोनवर आवाज आला तो इतका बारीक की मला आधी वाटलं, शेजारची कुणी बोलते आहे.

"पमे, आसपास कोणी हाय काय?"

"नाही."

"गुरुजीनं नाव विचारलं. दारात कार्यालयातला माणूस आला होता, कागद घेऊन. तुह्या काकानं माह्याकडे पाह्यलं. मी सांगतलं, मोरेश्वर." मग ती थांबली. "मोरेश्वराचा पिंड तं कवाचाच झाला वं. चौऱ्याऐंशीत."

मला कळायला फार वेळ लागला. तिला मी तीन तीनदा विचारलं. ती प्रत्येक वेळी तेवढ्याच शांतपणे सांगत राहिली.

मोरेश्वर पिदूरकर बाबांचा आतेभाऊ होता. खाणीसाठी त्याच्या घरची जमीन गेली, बदल्यात त्याला नोकरी लागली. नेमणुकीचा कागद आला तेव्हा तो तापाने जाऊन पंधरा दिवस झाले होते. आत्याला दुसरं कुणी नव्हतं. तिने तो कागद माझ्या बाबांच्या हातात दिला आणि म्हणाली, तू मोरेश्वर हो, मला पोस. बाबा एकोणीस वर्षांचे होते, नाव गुरुनाथ झाडे. ते मोरेश्वर झाले. आत्याला तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत पोसलं. चार नंबरात अशी आणखी माणसं होती. सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं.

काका दत्तक गेले नव्हते. दत्तक गेले होते ते बाबा, एका मेलेल्या माणसाच्या नावाला.

मग आईने पुढचं सांगितलं. मला वाटतं, तिला ते सांगायचं नव्हतं, पण एकदा बोलायला लागल्यावर ती थांबू शकली नाही. मार्चमध्ये कार्यालयाचं पत्र आलं. तुमच्या नोकरीची कागदपत्रं एका अर्जदाराने मागितली आहेत, तुमची हरकत आहे का? खाली अर्जदाराचं नाव. रविंद्रकाकांनी वाचून दाखवलं. बाबा हरकत नोंदवायला गेले. साहेब नव्हते. परत गेले. मग जन्माचा पुरावा घेऊन या म्हणाले. परत गेले.

"मले का नाही सांगितलं?" मी विचारलं. इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून 'मले' आलं.

"काय सांगणार होते? तूच कॉलेजात म्हणे, खोट्याचं खाऊ नये. तुह्यावर राग नव्हता त्याईचा. म्हणे, पोरगी शिकली, विचारणारच. आपणच शिकवली."

७ मे

मी विचारलं म्हणून ते त्या व्हरांड्यात उभे राहिले. कागद दाखवायला नको म्हणून लस घेतली नाही. मी त्यांना शिकवत होते की घाबरू नका, कायदा तुमच्या बाजूने आहे. 'हाव, वाटते,' म्हणाले होते. कशाची लाज ते मी विचारलंही नव्हतं. मीच उत्तर ठरवून टाकलं आणि वर रडले.

रोहिणीताईला सांगितलं. ती म्हणाली, "व्हायरस कुठेही लागला असता गं." ती डॉक्टर आहे, तिला ते म्हणावं लागतं. तिलाही माहीत आहे.

१९ मे

जेवण जात नाही. सानिका दारात ताट ठेवून पळते.

आज रविंद्रकाकांचा फोन. आईच्या निवृत्तिवेतनाचा कागद त्याच टेबलावर अडकला आहे जिथे माझा अर्ज आहे. ते म्हणाले, "बेटा, तुझा अर्ज जिवंत आहे तोवर फाईल उघडी आहे. उघड्या फाईलमध्ये कोणीही हात घालतं. फोटो निघाला तर तो तुझ्या बाबांचा नाही निघणार."

"काका, तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"त्या दिवशी खिडकीत मीच होतो. मी नाव पुकारलं, तो लवकर बोलला नाही. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा हाजिर म्हणाला. आणि हे पुस्तकाचं काय आहे? इकडे दोघातिघांनी फोनवर पाहिलं ते चित्र. तू टाकलं होतंस ना कुठे तरी?"

हो. जानेवारीत टाकलं होतं, अभिमानाने. नाव आणि नंबरासकट. आता काढलं आहे.

२४ मे

ओर्लाशी बोलले. तिला सगळं नाही, बरंचसं सांगितलं.  ती म्हणाली, नावं बदलू, देश बदलू, कादंबरी म्हणू, आणि ही गोष्ट तर आधीपेक्षा मोठी आहे. तिचं चुकीचं नाही. खरोखरच मोठी आहे. दुसऱ्या कुणाच्या बापाची असती तर मीही असंच म्हटलं असतं.

पण चेहरा कसा बदलू? साठातली चौदा पानं त्यांच्या चेहऱ्यावर उभी आहेत. छत ठोकणारा हात त्यांचा आहे. कॉलनीतला कुणीही ओळखेल. आणि खोटं नाव घालून खऱ्याचं पुस्तक म्हणून विकायचं, तर मी बाबांना इतके महिने कशावरून बोलत होते? खरं नाव घातलं तर आई उद्या काय खाणार? त्यांनी एका म्हातारीला पोसायला स्वतःचं नाव टाकून दिलं. मी माझ्या म्हातारीचं ताट ओढून ते परत देऊ?

कधी कधी वाटतं, एकदाच, फक्त एकदा, ते नाव कुठेतरी छापलेलं बघावं. गुरुनाथ झाडे. मग आईचा तो बारीक आवाज आठवतो.

बाबांना विचारता आलं असतं तर ते काय म्हणाले असते, हे मला माहीत आहे. त्यांनी आधीच सांगितलं होतं. मीच नाही म्हणाले होते.

३ जून

झालं. ज्या क्रमाने केलं त्या क्रमाने लिहून ठेवते.

सोमवारी अर्ज मागे घेतला. कारण विचारलं होतं, तिथे 'माहितीची गरज उरली नाही' असं लिहिलं. काल रविंद्रकाकांचा निरोप आला, फाईल बंद केली, आईचा कागद पुढच्या टेबलावर गेला.

मंगळवारी ओर्लाला फोन करून पुस्तक थांबवलं. ती रडली. मी रडले नाही. तिने फायली काढून टाकल्या, मी माझ्या संगणकावरच्या. आशिषदादाला शेजारी बसवलं होतं, बॅकअप कुठे कुठे राहतात ते त्याला कळतं. तो एकदा म्हणाला, "नक्की ना?" मी मान डोलावली. तो पुढे काही न विचारता पुसत गेला.

उरलेली सेहेचाळीस पानं माझ्याकडे आहेत. जंगल, पत्र्याच्या शेड, वाघाचे पंजे, बायकांची कोळशाची शेगडी. त्यांचं काही करायचं नाही.

आज सकाळी बाबांची चौदा पानं कापडात गुंडाळून आईच्या पत्त्यावर पाठवली. चित्रांच्या पाठीमागे काही लिहिलं नाही, त्यांचं खरं नावही नाही. आईला वाचता येत नाही, जे वाचायचं ते तिला रविंद्रकाका वाचून देतात, आणि त्यांच्या घरी येणारे जाणारे खूप. पोस्टातल्या बाईने विचारलं, आत काय आहे. मी म्हटलं, कागद. तिने तसं लिहिलं, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.